डबीचा रकाना

खैरटोल्याच्या अल्का टेंभुर्णेचं नाव जगातल्या किती लोकांच्या नजरेखालून गेलं असेल, हे कोणी मोजायला बसलं तर आकडा हजारांत जाईल. निबंध कर्करोगावरचा, छापलेला परदेशातल्या मासिकात, आणि त्याचा हवाला देणारे विद्वान पार ब्राझीलपासून तैवानपर्यंतचे. त्यातल्या एकालाही सालेकसा तालुका कुठे आहे हे ठाऊक नसेल. नसेना का. पण त्या निबंधात जे छापलंय ते अल्काने कधी सांगितलंच नव्हतं, आणि तरी ते तिच्या नावाच्या साक्षीने छापलंय. हे ऐकून ज्याचं डोकं तापणार नाही, त्याने पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यातून फुटून वेगळा झाला होता, ते वर्ष. १९९९. अल्का चोवीस वर्षांची, बारावी पास, लग्नाला चार वर्षं झालेली. नवरा भोजराज आमगावच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर. नागपूरच्या एका संशोधन संस्थेला तोंडाच्या कॅन्सरचं सर्वेक्षण करायला गावातल्याच, लिहितावाचता येणाऱ्या आणि दिवसभर पायी फिरायची तयारी असलेल्या बायका हव्या होत्या. मुलाखतीला बावीस जणी आल्या, सहा निवडल्या. निवडणारे डॉक्टर ईश्वरदास कापगते. पस्तिशीचे, जाड चष्म्याचे, पायात साध्या चपला. माणूस इकडचाच, अर्जुनी मोरगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. "काऊन, घाबरून राहिली का?" असं त्यांनी विचारलं आणि अल्काची भीती पळाली. एवढा शिकलेला माणूस आपल्या बोलीत बोलतो म्हणजे तो आपलाच, असं तिने धरून चाललं. तेव्हा कोणीही तसंच धरलं असतं.

आठ दिवस गोंदियात शिकवणी झाली. टॉर्च कशी धरायची, लाकडी पट्टीने गाल कसा बाजूला सारायचा, पुसून जाणारा थर कोणता आणि न पुसला जाणारा पांढरा चट्टा कोणता. मग हातात चार पानी छापील फॉर्मांचा गठ्ठा. तिसऱ्या पानावर तंबाखूचे रकाने होते: बिडी, खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना. हो की नाही, दिवसातून किती वेळा. शेवटी "आ करा" म्हणायचं आणि तोंडात टॉर्च मारायची. एवढं काम.

पुरुषांचं सोपं होतं. माणूस गालात खर्रा धरूनच "हव" म्हणायचा. बायकांचं मात्र अल्काला कळेना. ज्या बाईला विचारावं ती "नाई व बापा, ते माणसाईचं काम" म्हणून मोकळी. तीन आठवडे अल्काने इमानदारीने "नाही, नाही, नाही" असं लिहिलं. आणि त्याच बायकांनी आ केलं की हिरड्या काळ्या, गालाच्या आत पांढरे चट्टे. फॉर्म एक सांगत होता आणि तोंड दुसरंच.

उलगडा झाला तो सुमित्राबाईच्या अंगणात. सुमित्राबाई म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकऱ्याघरची बाई, पन्नाशीला टेकलेली, आवाज असा की तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर गुरं थांबायची. अल्कासारखी बौद्ध मोहल्ल्यातली सून आपल्या घरच्या बाईच्या तोंडात टॉर्च मारणार, हे सुमित्राबाईच्या सासूला पटलेलं नव्हतं. सुमित्राबाईने सासूकडे न बघता अल्काला ओसरीवर बसवलं, "माह्या तोंडात काय सोनं दडवलं हाय का?" म्हणाली आणि सगळ्या प्रश्नांना धडाधड "नाई" म्हणून उत्तरं दिली. अल्काने फॉर्म मिटला. तेवढ्यात सुमित्राबाईने कमरेच्या ओच्यातून पत्र्याची छोटी डबी काढली, बोटावर काळा लगदा घेतला आणि हिरड्यांवर घासायला लागली.

"हे काय व काकी?"

"हे? गुडाखू. दात घासून राहिलो."

"सकाळी घासले नव्हते का?"

"घासले नं. दुपारी घासतो, जेवल्यावर घासतो, डोकं दुखलं की घासतो. सात-आठ डाव होते."

"अन् हे तंबाकूचं नोहे का?"

सुमित्राबाई बोट तोंडात ठेवूनच थांबली. "असंन बापा," ती म्हणाली. "पण आमी खातो कोटी? आमी तं घासतो."

गुडाखू म्हणजे गुळाच्या काकवीत कालवलेला तंबाखूच. छत्तीसगढच्या बाजूने रेल्वेतून डब्यांच्या पेट्या उतरतात आणि सीमेवरच्या गावांत घरोघरी बायकांच्या कमरेला जातात. त्याला व्यसन कोणी म्हणत नाही. ते दंतमंजन. लाज वाटली ती अल्कालाच, कारण तिच्या स्वतःच्या आईच्या कमरेला अशीच डबी होती, लहानपणापासून बघितलेली, आणि बघूनही तिला ती दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापासून सुरू झाली. झालेली त्र्याऐंशी घरं पुन्हा चालली. आता ती सुरुवातीला तंबाखूचं नाव काढायचीच नाही. "दात कायनं घासता? दिवसातून किती डाव? डबी दाखवा," एवढंच. फॉर्मच्या समासात तिने पट्टीने एक रकाना आखला आणि वर लिहिलं "डबी". फॉर्म संस्थेकडे जाणार, म्हणून तोच रकाना स्वतःच्या दोनशे पानी वहीतही आखला, प्रत्येक बाईच्या नावासमोर.

डॉक्टर कापगते पाहणीला आले तेव्हा तिने त्यांना समास दाखवला. ते खुश झाले. खरंच झाले, त्यात खोटं नव्हतं. "शाबास अल्का, हे आम्हाला नागपुरात बसून कधीच सुचलं नसतं," म्हणाले. त्याच दौऱ्यात त्यांनी सहाही जणींना आपल्या गावी जेवायला नेलं. तांदळाची भाकर, वांग्याची भाजी, आणि जेवणं झाल्यावर डॉक्टरांची म्हातारी आई मागच्या पायरीवर बसून बोटाने हिरड्या घासत होती. कमरेला डबी. अल्काने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी अल्काकडे, आणि दोघं हसले. हे हसणं लक्षात ठेवा.

पुढे डॉक्टरांनी बायकांचं सगळं काम अल्काकडे आणि पुरुषांचं बाकीच्या पाच जणींकडे दिलं; तीन वर्षं ती फिरली. दरेकसापासून कचारगडाच्या पायथ्यापर्यंतच्या टोल्यांवर, त्या लहान लहान वस्त्यांवर गेली, जिथे गोंडी बायकांशी बोलायला आधी त्यांच्या सासवांशी बोलावं लागायचं. अकराशे चाळीस बायकांची तोंडं तिने तपासली. वहीत शेवटच्या पानावर बेरीज केली: डबीवाल्या सहाशे बारा. म्हणजे दर दोघींत एकीपेक्षा जास्त. २००२ मध्ये काम संपलं, फॉर्मचे गठ्ठे जीपमधून नागपूरला गेले, आणि अल्का घरी बसली. वही ट्रंकेत गेली.

२००४ च्या पावसाळ्यात टपालाने जाड पाकीट आलं. आत आठ पानांचा इंग्रजी निबंध आणि डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी: आपलं काम जगापुढे आलं आहे, शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे. होतं. बारीक अक्षरात, ज्यांचे आभार मानले त्यांत पहिलं. अल्का टेंभुर्णे, अचूक क्षेत्रकार्यासाठी. भोजराजने ते वाक्य शाळेतल्या मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं. मग आमगावला जाऊन पहिलं आणि शेवटचं पान एकाच काचेत बसवून आणलं, लाकडी पट्टीची मोठी फ्रेम. मधली सहा पानं ट्रंकेत, वहीच्या शेजारी.

पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला समाजमंदिरात अल्काचा सत्कार झाला. तिचं नाव परदेशात छापून आलं म्हणून. पलीकडच्या मोहल्ल्यातून कधी न येणारी सुमित्राबाई त्या दिवशी आली, आणि नुसती आली नाही तर हार घेऊन आली. "माह्याच ओसरीवर शिकली हे," असं सगळ्यांना सांगत सुटली. फ्रेम हातात धरून तिने फोटो काढून घेतला. संध्याकाळी टेंभुर्ण्यांच्या भिंतीवर भोजराज खिळा ठोकत असताना "वर घे, अजून वर" असं खालून सांगणारीही तीच.

त्या काचेतल्या पहिल्या पानावर, निबंधाच्या सारांशात, एक आकडा होता: ४.१ टक्के. त्याच्या आधी बायकांसाठीचा इंग्रजी शब्द होता, तो अल्काला येत होता. तिने आणि मास्तरांनी मिळून असा अर्थ लावला की शंभरात चार बायकांना रोग निघाला. बरंच झालं, कमी निघाला, असं ती म्हणाली. पाच वर्षं घरातली माणसं त्या आकड्याखाली बसून जेवली. पोरांनी त्याच्याखाली अभ्यास केला. पाहुणा आला की आधी त्याला फ्रेम दाखवायची, मग पाणी द्यायचं. एकाही माणसाने ते पान नीट वाचलं नाही. काचेत घातलेली गोष्ट वाचायची नसते, बघायची असते, असंच सगळ्यांनी धरलेलं. या एका बाबतीत खैरटोल्यात आणि त्या विद्वान मंडळींत काही फरक नव्हता, हे नंतर कळलं.

मधल्या काळात अल्का गावाची आशा सेविका झाली. २०१० मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड तपासणीची मोठी मोहीम आली. गावोगावची यादी करायची, पंचवीस वर्षांवरच्यांना केंद्रात आणायचं, दाताचा डॉक्टर तपासणार, लागलं तर पुढे नागपूरला पाठवणार. अल्काला कोण आनंद. तिने पहिलं नाव सुमित्राबाईचं घातलं. सुमित्राबाईचा उजवा गाल सहा महिन्यांपासून आतून चरचरत होता. भाजीत मिरची चालेना, वरणभात तेवढा खायची. "उष्णता झाली," म्हणायची आणि चरचर थांबावी म्हणून त्यावर आणखी गुडाखू घासायची.

केंद्रात टेबलावर बसलेल्या कारकुनाने यादी पाहिली आणि नावावर काट मारली. "बायका नाहीत यात. फक्त पुरुष."

"फक्त पुरुष कायले?"

"वरून आलंय तसं."

सुमित्राबाई घरून पायी आलेली, पदराने गाल दाबून उभी. अल्का तिचा हात धरून तडक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत शिरली. डॉक्टर रचना मेश्राम, नव्यानेच आलेली, अल्काहून दहा वर्षांनी लहान. तिने आधी टॉर्च काढली, सुमित्राबाईला आ करायला सांगितलं. बघितलं, आणि लगेच नागपूरची चिठ्ठी लिहायला घेतली. सुमित्राबाई बाहेर जाऊन बसल्यावर म्हणाली, "अल्काताई, उशीर झालाय."

मग अल्काने तोच प्रश्न पुन्हा विचारला. बायका काऊन नाहीत? डॉक्टर रचनाने मोहिमेची पुस्तिका काढली, पान उलटलं आणि वाचून दाखवलं: या भागातल्या स्त्रियांत तंबाखूचं सेवन नगण्य, अवघं ४.१ टक्के, त्यामुळे स्त्रियांची सरसकट तपासणी गरजेची नाही. वाक्याच्या डोक्यावर बारीक सात. पुस्तिकेच्या शेवटी सातव्या क्रमांकावर निबंधाचं नाव, आणि कापगते.

अल्काला पहिल्यांदा वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरची फ्रेम उतरवली, पदरात गुंडाळली, ट्रंकेतली सहा पानं आणि वही घेतली आणि केंद्रावर गेली. डॉक्टर रचनाने तासभर बसून आठही पानं तिला मराठीत सांगितली. चार पूर्णांक एक म्हणजे रोग नव्हे. अकराशे चाळीस बायकांतल्या सत्तेचाळीस तंबाखू खातात, एवढाच त्याचा अर्थ. छापील रकान्यात "हो" आलेल्या सत्तेचाळीस. डबीचं नाव आठ पानांत कुठेही नव्हतं. समासातला रकाना नागपूरच्या कॉम्प्युटरमध्ये चढलाच नव्हता.

"आणि हे बघा," म्हणून डॉक्टर रचनाने लॅपटॉप फिरवला. "याला म्हणतात सायटेशन. दुसऱ्या कोणी आपल्या निबंधात या निबंधाचा हवाला दिला की एक वाढतो. जितके जास्त, तितका माणूस मोठा." त्या निबंधाखाली आकडा होता ३१२.

"तीनशे बारा जनाईनं वाचलं?"

"वाचलंच असेल असं नाही. हवाला दिलाय."

"त्यातल्या एकानं तरी येऊन पायलं का, बायका दात कायनं घासतात ते?"

 तीनशे बारा शहाणी माणसं, आणि कोणालाही शंका आली नाही की चाळीस टक्के बायकांच्या हिरड्या काळ्या असल्याचं याच निबंधाच्या पाचव्या पानावर लिहिलंय, तर त्या कशाने झाल्या? एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून तिसऱ्याने. लिहिता लिहिता तो आकडा सरकारी पुस्तिकेत येऊन बसला आणि खैरटोल्याच्या एका बाईच्या नावावर काट मारून गेला. चीड येते ती याची.

सुमित्राबाईचं नागपूरला ऑपरेशन झालं, जबडा काढला, आणि आठ महिन्यांत ती गेली. शेवटच्या दिवसांत तिला बोलता यायचं नाही नीट. अल्का रोज जायची. एकदा तिने अल्काचं मनगट धरून, एकेक शब्द ओढत विचारलं, "तुले तं म्या डबी दाखवली होती नं?"

"हव काकी."

"तू लिहून घेतलं होतं नं?"

"हव."

"मंग कोटी गेलं ते?"

 ते कुठे गेलं हे कोणाला विचारायचं, ते अल्काला माहीत होतं.

२०११ च्या हिवाळ्यात गोंदियाच्या एका कॉलेजात डॉक्टर कापगत्यांचा भव्य सत्कार ठरला. भूमिपुत्राचा गौरव. अल्का सकाळच्या पॅसेंजरने गेली, पिशवीत वही. सूत्रसंचालक हिंदीत गर्जत होता: "एक सौ छब्बीस शोधपत्र! चार हज़ार से ज़्यादा साइटेशन! एच-इंडेक्स इकतीस!" हे एच-इंडेक्स काय असतं हे टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कोणालाही माहीत नसावं, पण एकतीस म्हटल्यावर सगळ्यांनी जोरात वाजवल्या. डॉक्टर आता केसांनी पांढरे, अंगात कोट, पायात बूट. त्यांनी भाषणात आपल्या मातीचे आभार मानले.

खाली उतरल्यावर त्यांनीच तिला ओळखलं. "अरे, अल्काताई! किती वर्षांनी!" अल्काने नमस्कार केला नाही. वही उघडून समोर धरली.

"सायेब, हा रकाना कोटी गेला?"

त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि चेहऱ्यावरून कळलं की आठवतंय. बाजूला नेऊन त्यांनी तिला नीट समजावलं. फॉर्मचा नमुना मंजूर झालेला असतो. समासात लिहिलेलं धरलं तर मासिकाचे परीक्षक निबंध परत पाठवतात. पुन्हा सर्वेक्षण करायला वेळ नव्हता. पुढच्या निबंधात गुडाखूचं घ्यायचं असं मनात होतं, मग दुसरे विषय आले. सगळं शांतपणे, सभ्यपणे.

"मंग तेवढं तरी लिहाचं होतं, का बायकाईले बरोबर विचारलं नाई. चार टक्के कायले लिहिलं?"

"अल्काताई, त्या वाक्यावर आता किती जणांचं काम उभं आहे तुम्हाला कल्पना नाही. एक आकडा हलवला तर सगळंच हलतं."

"हलू द्या नं. बाई मेली माह्या गावची."

"वाईट झालं. पण एका केसवरून..."

"एक केस?" अल्काचा आवाज चढला तशी चार माणसं वळली. "सहाशे बारा हायेत येथी, नावानिशी. अन् तुमच्या माय कोणत्या रकान्यात हायेत, सायेब? त्या पायरीवर बसून घासत होत्या. तुमी पायलं, म्या पायलं. हासलो आपण दोघंही. त्या सत्तेचाळीसात हायेत का त्या, का त्या घासतच नवत्या?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. क्षणभर ते पुन्हा अर्जुनी मोरगावचे झाले. "माय वारली," ते हळू म्हणाले. "चार वर्षं झाली." कशाने, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. "बघतो मी," एवढं म्हणून ते जेवणाच्या हॉलकडे गेले, जिथे त्यांची वाट बघत होते.

ते काय बघणार हे कळायला सहा महिने पुरले. मग अल्का आणि डॉक्टर रचना दोघींनी मिळून त्या परदेशी मासिकाला पत्र लिहिलं. मजकूर अल्काचा, इंग्रजी डॉक्टर रचनाचं. वहीच्या अठ्ठावीस पानांच्या झेरॉक्स जोडल्या. पत्रात मागणी साधी होती: मी अकराशे चाळीस बायका तपासल्या, त्यात सहाशे बारा डबीवाल्या होत्या. हे मी लिहून दिलं होतं. ते छापा. तुम्ही माझं नाव अचूक कामासाठी छापलं आहे, आणि जे छापलं ते माझं काम नाही. शेवटी मराठीतली सही, खाली गाव, तालुका, जिल्हा.

भोजराजला भीती वाटत होती. "मोठे लोक हायेत, काऊन नादी लागून राहिली?" तो म्हणाला. पण वहीच्या झेरॉक्स काढायला सालेकशाला तोच गेला, पाऊस असताना, वही पॉलिथिनमध्ये गुंडाळून.

उत्तर यायला अकरा महिने लागले. मासिकाने चौकशी केली होती, म्हणजे डॉक्टर कापगत्यांना पत्र पाठवून विचारलं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे उत्तर दिलं: मूळ फॉर्म मुदत संपल्यावर नष्ट केले आहेत, आणि खासगी वहीतल्या नोंदी मंजूर पद्धतीने घेतलेल्या नाहीत. सगळं कायदेशीर. आणि मग मासिकाने दुरुस्ती छापली. हो, छापली. डॉक्टर रचनाने ती पडद्यावर उघडली, एकदा स्वतःशी वाचली.

"काय लिहिलं म्याडम? आकडा बदलला?"

"नाही ताई." तिने वाचून दाखवलं. २००४ सालच्या निबंधातल्या आभाराच्या परिच्छेदातून श्रीमती अल्का टेंभुर्णे यांचं नाव, त्यांच्या विनंतीवरून, वगळण्यात येत आहे. निबंधाच्या निष्कर्षांवर याचा परिणाम होत नाही.

काढलं काय, तर नाव! आकडा जिथल्या तिथे. अकराशे चाळीस तोंडांत टॉर्च मारणारी बाई पुसली गेली आणि न तपासता छापलेले चार टक्के शाबूत राहिले. तिची तेवढी एक साक्ष होती, तीही त्यांनी तिच्याच पत्राच्या आधाराने खोडली. निबंधाखालचा हवाल्यांचा आकडा त्या दिवशी ४३८ होता. डॉक्टर रचनाने टेबलावर हात आपटला आणि मग "माफ करा" म्हणाली, जणू त्यात तिचाच दोष होता.

अल्का रडली नाही. घरी आली, चहा केला, भोजराजला सांगितलं. तो उठून फ्रेम उतरवायला गेला. "ठेवू नोका आता हे घरात," म्हणाला. अल्काने फ्रेम त्याच्या हातून घेतली, पालथी करून मागचे खिळे उपसले आणि पानं बाहेर काढली. पोराच्या दप्तरातला लाल पेन घेतला. पहिल्या पानावरच्या ४.१ वर आडवी रेघ मारली, वर ठळक लिहिलं ५३.७. शेवटच्या पानावर आपल्या नावाखाली सही केली आणि तारीख घातली. पानं पुन्हा काचेत बसवली, आणि फ्रेम पहिल्या जागी, तेवढ्याच उंचीवर, टांगली. त्या निबंधाच्या जगभर जेवढ्या प्रती असतील, त्यातली बरोबर ही एकच आहे.

मोहीम पुढेही पुरुषांचीच राहिली. डॉक्टर रचनाने बदली होईपर्यंत दर मंगळवारी दुपारी बायकांसाठी खोली उघडी ठेवली, आणि तिच्या बदलीनंतर अल्काने आपल्या घरची ओसरी. टॉर्च तीच जुनी, सेल नवे. वहीची दोनशे पानं भरली तेव्हा दुसरी वही आणली, पट्टीने रकाना आखला आणि वर लिहिलं "डबी".

परवा सुमित्राबाईची धाकटी सून आली होती, डिंपल. सव्वीस-सत्तावीसची, ओच्यात डबी, "मले काई नाई झालं, सासऱ्यानं पाठवलं म्हणून आलो" म्हणणारी. बसल्या बसल्या तिची नजर भिंतीवर गेली.

"ते लाल कायचं लिहिलं हाय व मावशी?"

अल्काने टॉर्च लावली.

"त्यात तुही सासू हाय," ती म्हणाली. "आता तूही हायेस. आ कर."